सतराव्या होलवर मी विचारलं होतं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचे जुनेजाणते मार्गदर्शक माननीय जयरामराव भवर साहेब, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेले, आमच्या महिला गोल्फ मालिकेचे त्या काळचे स्पर्धाप्रमुख गोरक्षभाऊ बोडके, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती सुवर्णा कोंडाजी जेजुरकर, पंख्याखाली बसा म्हणून तीनदा सांगूनही खांबाच्या कडेलाच बसलेल्या तिच्या आई, कलाबाई काकू, मैदानावर गवत काढणाऱ्या माझ्या सगळ्या बाया, सकाळी गणेशवाडीच्या बाजारात फुलं पोचवून तसेच इकडे आलेले सुवर्णाच्या गावचे, मखमलाबादचे शेतकरी बंधू, क्लबचे सभासद, आणि जागा असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या सुवर्णाच्या हाताखाली खेळ शिकणाऱ्या मुली. तुम्हा सर्वांना हर्षाली दातीरचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. मी चार पानं लिहून आणली होती. सुवर्णाच्या जिद्दीबद्दल, कष्टाबद्दल छान छान वाक्यं होती त्यात. तिसऱ्या पानावर तर मी स्वतःवरच खूश झाले होते. पण माझ्या आधी गोरक्षभाऊ बोलले. फार प्रेमाने बोलले. आणि बोलता बोलता त्यांनी तो नेहमीचा विनोद केला, "आमच्या सुवर्णाताई सतराव्या होलवर एक शब्द कमी बोलल्या असत्या, तर आज त्यांना परदेशातून बोलावून घ्यावं लागलं असतं." सगळं सभागृह हसलं. मागच्या मुली हसल्या. सुवर्णासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसले. सहा वर्षं झाली, हा विनोद कुणी केला की मी हसते.

गोरक्षभाऊ, तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं तेवढंच तुम्हाला माहीत आहे. पण तो विनोद खोटा आहे. तो खोटा आहे हे या सभागृहात दोघींनाच ठाऊक आहे. त्यातली एक सोमवारी कळवणला मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून रुजू होते आहे. दुसरी आता माईकसमोर उभी आहे. म्हणून ती चार पानं मी पर्समध्ये ठेवली. अध्यक्षांची परवानगी असेल तर दहाची पंधरा मिनिटं होतील. चहा थोडा गार होईल, तेवढं सांभाळून घ्या.

सुवर्णा, तू मला खुणा करू नकोस. आज मी ऐकणार नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण मखमलाबादच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना हा खेळ म्हणजे कुंपणापलीकडची टोपीवाल्यांची भटकंती वाटते. खोटं कशाला बोलू, आमच्या घरीही तेच वाटायचं. आम्ही अंबडचे दातीर. शेती गेली, तिथे कारखाने आले, वडिलांनी लेथ मशीन टाकलं, त्यात जम बसला, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की मोठे लोक गोल्फ खेळतात. ते स्वतः दोन महिन्यांत कंटाळले. काठ्यांची पिशवी मात्र मला लाभली. मी खेळायला लागले, बरी खेळायला लागले, आणि बरी खेळते हे सगळ्यांना सांगायलाही लागले.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी नवव्या ग्रीनवर उभी होते. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची ती बारीक कापलेली हिरवळ. चेंडू झेंड्यापासून चार पावलांवर. कडेला गवत काढणाऱ्या बाया बसल्या होत्या, त्यात कलाबाई काकू आणि त्यांची अठरा वर्षांची पोर. मी नेम धरला तेवढ्यात ती पोर म्हणाली, "ताई, तिकडं उतार हाय." मी म्हटलं, "तुला काय कळतं गं?" आणि मारला. चेंडू बरोबर तिने सांगितलेल्या बाजूला घरंगळत गेला. ती हसली नाही. खुरपं खाली ठेवून म्हणाली, "रोज हात फिरवतो ना आम्ही हितं. हाताला कळतं."

त्या दिवशी मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला शोधत गेले. माझ्या जुन्या काठ्या तिला दिल्या, हे मी आजवर पंचवीस भाषणांत सांगितलंय आणि दर वेळी टाळ्या घेतल्यात. खरं सांगायचं तर त्यातल्या दोन वाकलेल्या होत्या. तिने त्या वाकलेल्या काठ्यांवर खेळ शिकला. सरळ काठ्या हातात आल्या तेव्हा काय झालं ते या क्लबने पाहिलं आहे. नव्व्याण्णवपर्यंत ती व्यावसायिक खेळाडू झाली होती, आणि मला हरवण्याची तिची सवय झाली होती.

मग दोन हजार साली आमची मालिका सुरू झाली. आज ती मालिका राहिली नाही, त्यामुळे मुलींना नीट समजावून सांगते. सहा शहरं, सहा संघ, प्रत्येक संघात चार बाया. प्रत्येक शहरात तीन दिवस खेळ. शुक्रवार-शनिवार संघाचा खेळ, जोडीजोडीने. रविवारी जिचं तिने, एकटीने. पण गंमत अशी की रविवारचे फटकेही संघाच्या खात्यात धरायचे. म्हणजे एकाच वेळी तुम्ही आपल्या संघासाठीही खेळताय आणि आपल्याच संघातल्या बाईच्या विरुद्धही खेळताय. गोल्फमध्ये जिचे फटके कमी, ती पुढे.

नाशिकच्या संघात सुवर्णा आणि मी कायम जोडीला. शुक्रवार-शनिवार आमचं तोंड क्षणभर बंद नसायचं. जोडीत सगळं विचारता येतं. कितीचा घेऊ, म्हणजे कितव्या नंबरची काठी, वारा कुठला आहे, उतार किती आहे. काठीचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. मी विचारायची आणि ती सांगायची, बहुतेक वेळा हेच. "सुवर्णे, आठ घेऊ का?" "नको, धरणाकडून वारा हाय, सात घे." "अगं पण माझं सात लांब जातं." "ताई, तुझं सात लांब जातं असं तुला वाटतं." असं चालायचं. बाकीचे संघ आम्हाला हसायचे.

आणि रविवारी तीच बाई, तेच मैदान, पण विचारायचं नाही. विचारलं तर विचारणारीला दोन फटके दंड. उत्तर दिलं तर उत्तर देणारीलाही दोन फटके. आणि कुणी न विचारता आपणहून सांगितलं, तर फक्त सांगणारीला दोन. नियम असा मजेदार, की शेजारणीच्या पिशवीत डोकावून तिने कितव्या नंबरची काठी काढली ते बघितलेलं चालतं. तोंडाने विचारलेलं चालत नाही. रविवारी आम्ही दोघी अबोला धरलेल्या जावांसारख्या मैदानभर फिरायचो.

अजून एक पद्धत सांगते, मग मी पुढे जाते. या खेळात पंच मागे मागे फिरत नाही. आपली चूक आपणच सांगायची. झुडपात एकटं असताना काठी लागून चेंडू हलला, तरी बाहेर येऊन सांगायचं की माझा एक फटका वाढवा. सुवर्णाने तुम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं असेल. मुलींनो, माना हलवताय, म्हणजे शिकवलंय.

दोन हजार तीन साल, सिंहस्थाचं वर्ष, जानेवारी महिना. मालिकेचा शेवटचा मुक्काम आपल्या नाशकात, याच मैदानावर. संघात नाशिक इतकं पुढे होतं की शनिवारी संध्याकाळीच ढाल आमची झाल्यात जमा होती. एकेरीच्या तक्त्यात सुवर्णा आणि मी अगदी बरोबरीत. रविवारी जी पुढे राहील ती वर्षाची विजेती, आणि विजेतीला परदेशातल्या मालिकेत वर्षभर खेळायला थेट प्रवेश. एकीलाच. कोंडाजीकाकांनी, म्हणजे सुवर्णाच्या वडिलांनी, दिवाळीतच तिचा पासपोर्ट काढून घेतला होता. फोटोसाठी तिला दोनदा स्टुडिओत नेलं, कारण पहिल्या फोटोत तिने डोळे मिटले होते. ते सगळ्या फूलबाजारात सांगत होते, माझी सुवर्णा विमानाने जाणार.

रविवारी शेवटच्या जोडीत आम्ही दोघीच. अठरापैकी सोळा होल झाले तेव्हा सुवर्णा एका फटक्याने पुढे होती. सतरावा होल तुम्हाला माहीत आहे. आखूड आहे, मध्ये नाला, पलीकडे झेंडा, आणि चेंडू थोडा कमी पडला की गेला पाण्यात. आमच्या पिशव्या वाहणाऱ्या दोन्ही कॅडींना आम्ही चेंडूवर नजर ठेवायला पुढे नाल्यापलीकडे पाठवलं होतं. प्रेक्षक होते ते अठराव्यावर. इकडे आम्ही दोघी आणि आमच्या दोन पिशव्या, बस.

सुवर्णाने आधी मारला. चेंडू झेंड्याच्या अलीकडे पडला आणि थांबला. सुंदर फटका. ती बाजूला झाली, काठी पिशवीत ठेवली. माझ्या हातात आठ नंबर होता. आता मी नेमकं सांगते, कारण हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मी नेम धरता धरता मागे वळले आणि विचारलं, "कितीचा घेतलास गं?"

तीन दिवसांतले दोन दिवस मी हेच विचारत होते. तोंडाला तेच वळण पडलं होतं. आणि तिनेही त्याच वळणाने उत्तर दिलं, "सात."

बस. एवढंच. गोरक्षभाऊ, तो जो एक शब्द आहे ना, तो हा.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींना एकदमच कळलं काय झालं ते. तिचा हात तोंडावर गेला. मी पुढे वळले, आठ नंबर ठेवला, सात काढला, आणि मारला. चेंडू झेंड्याजवळ तीन फुटांवर. आठने मारला असता तर तो नाल्यात गेला असता, यात मला तिळमात्र शंका नाही. तिची पिशवी माझ्यापासून दोन पावलांवर होती हो! नुसती मान वाकडी करून बघितलं असतं तरी कळलं असतं, आणि कुणाचा काही गुन्हा झाला नसता. पण मी विचारलं.

मग आम्ही अठरावा होल खेळलो. संपलं तेव्हा सुवर्णाचे बहात्तर, माझे त्र्याहत्तर. लोकांनी तिला उचललंच होतं. कोंडाजीकाका दोरीखालून वाकून आत येत होते. सुवर्णाने हात जोडून सगळ्यांना थांबवलं आणि ती फटक्यांचं कार्ड घेऊन स्पर्धाप्रमुखांच्या तंबूत गेली. तिच्यामागे मी.

तंबूत टेबलापलीकडे गोरक्षभाऊ होते. भाऊ, आठवतं ना? सुवर्णा म्हणाली, "सतराव्यावर मी कितीचा घेतला ते तोंडाने सांगितलं. माझे दोन वाढवा." तुम्ही पेन खाली ठेवलंत. तुम्ही विचारलंत, "कुणी विचारलं होतं का?"

सुवर्णाने माझ्याकडे बघितलं.

किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. गोरक्षभाऊंनी मध्ये पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायले, आणि परत ठेवला, तरी ती माझ्याकडेच बघत होती. ती वाट बघत होती. माझा दंड मी सांगायचा, हा आमचा नियम. मी माझ्या कार्डाकडे बघत राहिले. आकडे परत परत तपासत असल्याचं नाटक करत राहिले. मग ती म्हणाली, "नाही. मीच बोलले आपणहून."

हिशेब अगदी सोपा आहे, मखमलाबादच्या मंडळींनाही लगेच कळेल. मी खरं बोलले असते तर दोघींना दोन-दोन फटके. तिचे बहात्तर अधिक दोन, चौऱ्याहत्तर. माझे त्र्याहत्तर अधिक दोन, पंच्याहत्तर. तरीही तीच जिंकली असती. मी गप्प बसले म्हणून तिचे चौऱ्याहत्तर आणि माझे त्र्याहत्तरच राहिले. मी त्या कार्डावर सही केली. बाहेर आले. आणि ज्या लोकांनी तिला उचलायला हात पुढे केले होते, त्यांनी मला उचललं.

जयरामराव साहेब, तुम्ही चष्मा काढलात. मला कळतंय. थोडंच राहिलंय.

कुणी म्हणेल, संघासाठी गप्प बसली असेल. नाही हो. संघ इतका पुढे होता की चार फटके गेले असते तरी ढाल आमचीच होती. ती पळवाट मला नाही. मला जायचं होतं. मी एकतीस वर्षांची होते, सुवर्णा सत्तावीसची. मला वाटलं तिला पुढच्या वर्षी मिळेल, मला परत मिळणार नाही. असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षीपासून तो परदेशचा प्रवेशच बंद झाला, आणि तीन वर्षांत मालिकाही बंद पडली. तिला पुढचं वर्ष कधी मिळालंच नाही.

नियमपुस्तक उघडलं तर सुवर्णाचंही थोडं चुकलं. तिनेही माझं नाव सांगायला हवं होतं. तेवढी तिची चूक मी मान्य करते. पंधरा वर्षांच्या ओळखीत मला तिची तेवढी एकच चूक सापडली आहे.

मी निघाले त्या दिवशी नाशिकरोडच्या स्टेशनवर मला पोचवायला कोण आलं होतं माहीत आहे? कोंडाजीकाका. पहाटे तोडलेली गुलाबाची फुलं, ओल्या फडक्यात बांधून. मला म्हणाले, "पोरी, आमच्या येडीनं तर घालवलं. तू तरी नाव काढ." मी ती फुलं घेतली. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर हात हलवत उभे होते. आणि घरी जाऊन ते स्वतःच्या मुलीशी महिनाभर बोलले नाहीत. जिभेला हाड नाही म्हणाले तिला. महिन्यानंतर बोलायला लागले, पण पासपोर्ट कपाटात टाकून दिला आणि फूलबाजारात सुवर्णाचा विषय काढणं सोडून दिलं. हे मला नंतर कळलं. आणि कळल्यावरही मी गप्प बसले.

तिकडे जाऊन मी काय दिवे लावले तेही ऐका. अकरा स्पर्धा खेळले. त्यातल्या नऊ स्पर्धांत दुसऱ्या दिवशीच बाहेर. पाच महिन्यांत पाठदुखीचं निमित्त काढून परत आले. इकडे स्टेशनवर हार घेऊन लोक उभे होते. सुवर्णा होती त्यांच्यात. तिने माझी बॅग धरली आणि विचारलं, "तिकडची ग्रीन कशी असते गं?" मला तिला धड सांगताही आलं नाही. मी हाताने कधी बघितलीच नव्हती ना.

कोंडाजीकाका दोन हजार पाच साली गेले. दहाव्याला मी गेले होते. मला राहवेना. मी सुवर्णाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मी काकांना सांगायला हवं होतं गं." ती म्हणाली, "ताई, आता नको. आईला आता हे एकच दुःख पुरे." मग म्हणाली, "मी तंबूत तुझी वाट बघितली होती. तेवढीच." त्यानंतर ती हा विषय कधीच बोलली नाही. मला 'ताई' म्हणायचंही तिने सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

आणि या सहा वर्षांत विनोद मात्र मोठा मोठा होत गेला. कुणी बडबड केली की "सुवर्णाताईचा सात नंबर झाला बघ." नवीन मुलींना मैदानावर नेताना सांगायचं, तोंड बंद ठेवा, नाहीतर सुवर्णाताई व्हाल. पोरींनो, तुम्हाला ते कुणी सांगितलं? मी सांगितलं आहे. मी, महिला विभागाची चिटणीस. स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तुमच्याबरोबर हसले. ती तिकडे उन्हात उभी राहून तुमची मनगटं सरळ करत होती. खांदा निकामी होईपर्यंत ती तुम्हाला शिकवत होती. आता तो हात डोक्याच्या वर जात नाही म्हणून तिला जावं लागतंय, आणि निरोपाच्या दिवशीही आपण तिला तोच विनोद ऐकवला.

काय म्हणालात काकू? परत सांगू?

सांगते. माईकमध्येच सांगते, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. कलाबाई काकू, सुवर्णा त्या दिवशी आपणहून बोलली नव्हती. मी तिला विचारलं होतं. तिने फक्त उत्तर दिलं. तिचा दंड तिने सांगितला, माझा मी लपवला. तुमच्या मुलीने काही घालवलं नाही. मी घेतलं.

काकू विचारतायत, "मंग तव्हा का नाय बोलली तू?"

मला जायचं होतं, काकू. दुसरं काही कारण नाही. खूप शोधलं मी, सहा वर्षं शोधलं. दुसरं नाही.

काकू, उठू नका... बरं, उठा. तुम्हाला उठायचं असेल तर उठा. कुणी त्यांना धरू नका, जाऊ द्या. सुवर्णा, तू जा आईबरोबर. माझ्यासाठी थांबू नकोस. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या आहेत. तुझी शाल इथे टेबलावर आहे, ती मी नाही, अध्यक्ष साहेब देतील तुला.

ती जात नाहीये. बरं. मग ऐक.

या चुकीची दुरुस्ती करायला मी जागा शोधली. मालिका बंद झाली, तिची समिती मोडली, प्रायोजकांचं ऑफिस केव्हाच उठून गेलं. अर्ज करायला कुणी उरलेलं नाही. उरलात ते तुम्ही लोक. तुम्ही त्या दिवशी इथे होता, तुम्ही तिला उचलायला हात पुढे केले होते. त्यामुळे मी तुमच्यासमोरच सांगते. आणि आज माझ्या हातून जे मानपत्र वाचलं जायचं होतं, ते मी वाचणार नाही. त्याच्या पाचव्या ओळीत 'उपविजेती' असं छापलेलं आहे. ते मी स्वतः छापून घेतलंय, प्रूफसुद्धा मीच तपासलं. साहेब, तो शब्द खोडल्याशिवाय ते तिच्या हातात देऊ नका अशी माझी विनंती आहे.

एक नियम सांगायचा राहिला. कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही केली तर त्या खेळाडूचं नाव निकालातून काढून टाकतात. तेव्हा माझे ते पंच्याहत्तर वगैरे जे मी मघाशी म्हटलं, तेही धरायचे नाहीत. गोरक्षभाऊ, तुम्ही स्पर्धाप्रमुख होता. तुमच्या साक्षीने मी निकाल वाचते. दोन हजार तीन सालची महिला मालिका, नाशिक, एकेरी विजेती: सुवर्णा कोंडाजी जेजुरकर, फटके चौऱ्याहत्तर. हर्षाली दातीर, निकालात नाव नाही.

टाळ्या वाजवू नका. माझ्यासाठी असतील तर अजिबातच नको. तिच्यासाठी वाजवायच्या असतील तर मी व्यासपीठावरून खाली उतरल्यावर वाजवा.

अध्यक्ष महाराजांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांची मी ऋणी आहे. गोरक्षभाऊंची, चहावाल्या मंडळींची, आणि उठून न जाता ऐकत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचीही. सुवर्णा, कळवणच्या मुलींचं भाग्य मोठं आहे. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घाला.

त्या रविवारचं मात्र घालू नका.